अप्पळम नदीपार नेताना

माझ्या कामात शाबासकी येत नाही, फोन येतो. "अक्का, अंडी फुटली." "अक्का, टमाट्यांचं सार झालं, तेही पिशवीतच." "अक्का, मुरुक्कु आम्ही चमच्यानं खातोय." मुरुक्कु म्हणजे आपली चकली. सगळं धड पोचलं तर लोक जेवतात, हात धुतात आणि नदीचे फोटो काढतात. अख्खं पोचलं हे कळवायला फोन करावा असं कुणाच्या मनातही येत नाही. माझी त्याबद्दल तक्रार नाही. म्हणजे थोडी आहे, पण ती पुढे येईलच.

मी तंजावूरची. राजवाड्याच्या मागच्या गल्लीत आमची मराठी बोलणारी काही घरं अजून आहेत, त्यातलं एक माझं. बोलणं मराठी, भांडणं तमिळमध्ये, आणि दुकानाच्या पाट्या वाचायच्या त्याही तमिळच, असं आमचं चालतं. देवनागरी मी पन्नाशीनंतर शिकले, पुण्याला दिलेल्या बहिणीच्या हट्टापायी. तेव्हा मध्येच एखादा तमिळ शब्द दाताखाली आला तर भातातला खडा समजून बाजूला काढा आणि पुढे जेवा.

माझं काम आहे बांधणीचं. आधी बरीच वर्षं मी एका कलावस्तूंच्या दुकानात पार्सलं बांधायची. आमच्याकडची मान डोलावणारी बाहुली तुम्ही पाहिली असेल. तिचं डोकं वेगळं, धड वेगळं, घागरा वेगळा, आणि सगळं एका टोकावर टेकलेलं. ती बाहुली दिल्लीला धडधाकट पोचवायची म्हणजे काय ते मला विचारा. काचेमागची सोन्याच्या वर्खाची चित्रंही मी बांधली आहेत. एक दिवस दुकानात एक उंच, उन्हानं रापलेली बाई आली. कुणाला तरी भेट द्यायला तिनं बाहुली घेतली आणि मी ती बांधत असताना नुसती माझ्या हातांकडे बघत राहिली. शेवटी तमिळमध्ये म्हणाली, "अक्का, तुम्ही अंडी बांधाल का?"

ती सेल्वी. आधी पोहायला शिकवायची, मग तिनं कयाक विकत घेतल्या. कयाक म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, प्लास्टिकची, वल्हवायची होडी. चेन्नई-बेंगळूरची मंडळी सुट्टीला येतात, सेल्वी त्यांना कावेरीत, तिच्या कोळ्ळिडम फाट्यात, कालव्यांमध्ये नेते आणि रात्री वाळूवर तंबू ठोकून राहते. तिची एकच अडचण होती. माणसं पाण्यातून सुखरूप परत येत, जेवण येत नसे.

या होड्यांना सामान ठेवायला मागे-पुढे दोन पोटं असतात. त्यांची तोंडं इतकी लहान की आपल्या घरचा डबा आडवा जाईल की उभा, याचा विचार करण्यातच सकाळ जाते. खालून गार पाणी, वरून ऊन, त्यामुळे आत दमट भट्टी. शिवाय काठाला लागलं की ही शिकली-सवरलेली माणसं होडी उचलत नाहीत, वाळूवरून खरडत ओढतात. आत बाहुली असती तर तिनं मान कायमची खाली घातली असती.

लोकांना वाटतं, नाजूक वस्तूला मऊ काहीतरी गुंडाळलं की झालं. तसं नाही. वस्तू मोडते ती बहुतेक वेळा मोकळ्या जागेमुळे. डबा भरला की मी तो कानाशी धरून हलवते. आत काही बोललं तर उघडायचा आणि पुन्हा भरायचा. आणि भरणाला जे वापरायचं ते खाण्याचंच असावं, कारण कागदाचे बोळे आणि थर्माकोल शेवटी नदीतच जातात. टमाटे मी केळीच्या सोपटात बांधते, आमच्याकडे फुलवाल्यांना ते फुकट मिळतं. दहीभात मी बांधतच नाही. मऊ भात, त्यात कोमट दूध आणि चमचाभर दही. होडी निघते तेव्हा तो दूधभात असतो आणि जेवायला बसतात तेव्हा दहीभात. एवढ्या वर्षांत ते दही एकदाही आंबट झालेलं नाही, हे मी जरा मान ताठ करून लिहिते आहे.

अंड्यांनी मात्र मला पहिल्याच महिन्यात धडा शिकवला. मी ती चुरमुऱ्यांत बसवली होती. हलकं भरण, कोरडं, वर पुन्हा भेळेला उपयोगी. पहिल्या दिवशी फोन नाही, म्हणून मी खूश. दुसऱ्या दिवशी सेल्वीचा फोन. बेंगळूरच्या त्या मंडळींनी संध्याकाळी नदीकाठी गप्पा मारता मारता सगळे चुरमुरे खाऊन टाकले होते आणि रिकाम्या डब्यात अंडी तशीच सोडली होती. तेव्हापासून अंडी कच्च्या तांदळात जातात. कच्चे तांदूळ गप्पांबरोबर कुणी खात नाही.

मग ते चेन्नईचे दातांचे डॉक्टर. त्यांना वाळूवर फुगलेली पुरी हवी होती. घरून तळून नेलेली, पण फुगलेली.

"डॉक्टर सार, ती पुरी आहे, फुगा नाही," मी म्हटलं.

"तुम्ही सगळं नेता म्हणे, मग हे का नाही?"

"तिथं तळून घ्या."

"होडीत तेल नेऊ देत नाहीत." ते खरंच होतं. एकदा एकाचं तेल आतल्या आत सांडलं होतं आणि सेल्वीला ती होडी धुता धुता रडू आलं होतं.

त्यांचं तोंड इतकं उतरलं की मला राहवेना. फुगलेलं आणि फुगलेलंच राहणारं असं आपल्याकडे एकच आहे, अप्पळम. म्हणजे आपला उडदाचा पापड, पण आमच्याकडचा पातळ, तळला की अंगभर फोड येऊन फुलणारा, आणि जरा कुणी जोरात बोललं तरी तडकेल असा. तोवर मी तो कधी नदीवर पाठवला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही, पण युक्ती सुचली. अप्पळम आडवे रचायचेच नाहीत, ताटाळ्यात ताटं ठेवावीत तसे उभे लावायचे. मध्ये कढईत शेकून निववलेले चुरमुरे. तळाशी भाजलेल्या मिठाची पुरचुंडी, आतली ओल पिऊन टाकायला. रुंद पत्र्याचा डबा, झाकणाला कापडी पट्टी. डॉक्टरांचे अप्पळम एकही कोर न तुटता पोचले. हे मला त्यांनी नाही सांगितलं, सेल्वीनं दाखवलेल्या फोटोवरून मला कळलं. पण तेव्हापासून माझे अप्पळम गाजले आणि त्यामुळेच गोविंद राव माझ्या दारात आले.

गोविंद राव आमच्या पलीकडच्या गल्लीतले. वीज खात्यातून निवृत्त झालेले, साधे, सगळं वेळेवर करणारे गृहस्थ. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलती मुलगी शुभा त्यांनी एकट्यानं वाढवली. ती बेंगळूरला नोकरीला, तिथंच तिला कुंभकोणमचा कार्तिक भेटला आणि दोघांनी कचेरीत सह्या करून लग्न केलं. मुलगा चांगला, घर चांगलं. नडलं ते वेगळंच. कार्तिकच्या आईचा, राजम मामींचाही तो एकुलता एक. मुलगी मराठी घरची म्हणून राजम मामींची काही तक्रार नव्हती. त्यांचं म्हणणं एवढंच की मांडव नाही, नादस्वरम नाही, नलंगु नाही, तर मग हे लग्न तरी कसलं? आणि लग्न झालं नाही तर ही सून तरी कशी? वर्ष उलटत आलं तरी शुभानं कुंभकोणमच्या घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. कार्तिक एकटाच जायचा, एकटाच यायचा. शुभा म्हणायची, मला काही वाटत नाही. तिला काय वाटत होतं ते तिच्या तोंडावर दिसायचं.

नलंगु म्हणजे लग्नानंतरचा खेळ. नवरा-नवरी समोरासमोर बसतात, नारळ एकमेकांकडे लोटतात, बायका चिडवायची गाणी म्हणतात, आणि शेवटी दोघं तळलेले अप्पळम एकमेकांच्या डोक्यावर फोडतात. तमिळ घरांतली रीत, आमच्या मराठी घरांनी केव्हाच उचललेली. मोठ्या लग्नांतून तो खेळ काढला तर निम्मी माणसं यायचीच नाहीत.

"अक्का, मज अप्पळम पायजे," गोविंद राव म्हणाले. "अख्खे. एकपण मोडून नको."

"नलंगुला ना? मग मोडायलाच नेताय की."

"हौ, पण तिथं मोडायचे. वाटेत नको."

त्यांचा बेत असा. कार्तिकला वल्ह्याचं वेड. त्याच्या वाढदिवसाला सेल्वीकडून कोळ्ळिडमच्या वाळूवर मुक्काम ठरवायचा. मुलाचा वाढदिवस म्हटल्यावर मामी येणार. आणि तिथं, त्यांच्या डोळ्यांसमोर, राहून गेलेला नलंगु करायचा.

"मामी उठून गेल्या तर?" मी विचारलं.

"सगळीकडं नदी. कुठं जातील?" ते म्हणाले आणि हसले. मग हसू गेलं. "शुभाला आई नाही, अक्का. हे अस्कं, सगळं सगळं, मीच पाहायचं. मज कळत नाही, पण पाहायचं. तुम्ही स्वतः चला."

आता खरं सांगते. इतकी वर्षं मी नदीवर जेवण पाठवत होते, पण होडीत पाय ठेवला नव्हता. पाण्यावर जाणाऱ्या वस्तू बांधणं वेगळं आणि आपणच वस्तू होऊन जाणं वेगळं. शिवाय माझं काम झाकण लावलं की संपतं. डबा उघडताना मी कधीच नसते. लोकांच्या तोंडचं पहिलं "अरे वा" मी आयुष्यात ऐकलेलं नाही. तेवढ्या लोभानं मी हो म्हटलं.

पोंगल, म्हणजे आपली संक्रांत, होऊन गेलं होतं, नदी शांत होती. घाटावर सेल्वीनं मला नारिंगी जाकीट चढवलं आणि पट्टे ओढले. कुठं मोकळी जागा राहिली नाही हे बघून मला जरा धीर आला. गोविंद राव आणि मामी परिसलमधून, म्हणजे टोपलीसारख्या गोल होडीतून, येणार होते. तिच्या तळाशी पाणी साचतं, म्हणून डबा माझ्याकडेच, दोन गुडघ्यांच्या मध्ये. कयाकमध्ये पुढे मी, मागे सेल्वी. तिनं मला होडीच्या कडा धरायला सांगितलं. मी डबा धरला.

"अक्का, डबा नाही बुडणार," सेल्वी म्हणाली.

"मग मी डबाच धरते."

पाणी माझ्या अंदाजापेक्षा चांगलं वागलं. बगळे आमच्याकडे न बघता उभे होते. कार्तिक आणि शुभा दुसऱ्या होडीत पुढे. परिसलमध्ये मामी पाठ फिरवून बसल्या होत्या, गोविंद राव त्यांच्या पाठीशी हवापाण्याबद्दल बोलत होते. मामी मुलाशी बोलल्या, सेल्वीशी बोलल्या, नावाड्याला त्याची मुलं काय करतात ते विचारलं. शुभाशी एक शब्द नाही.

वाळूवर जेवण झालं. दूधभाताचा दहीभात झाला होता, आणि तो होताना पहिल्यांदा मी तिथं होते. कार्तिकला सगळ्यांनी वाढदिवसाचं गोड भरवलं. मग गोविंद रावांनी चटई पसरली, नारळ ठेवला, हळदकुंकू मांडलं आणि हात जोडून मामींसमोर उभे राहिले. तमिळमध्ये म्हणाले, "मामी, राहून गेलं होतं. आज करू या."

मामींनी चटईकडे पाहिलं. "नलंगु मांडवात होतो. वाळूत नाही."

पण उठून गेल्या नाहीत. सेल्वीनं दिलेली घडीची खुर्ची जराशी वळवली, एवढंच.

कार्तिक आणि शुभा बसले. सेल्वीला गाणी येत नव्हती, मला येत होती, तर मी म्हटली. माझा आवाज बांधणीसारखा नाही, पण चालून गेलं. नारळ झाला. मग गोविंद रावांनी माझा डबा आणला आणि मी झाकण उघडलं.

आत कदंबम होता. कदंबम म्हणजे आमच्या तंजावूरचा नाना फुलांचा गजरा, मरवा घालून ओवलेला. ताजा, पाणी शिंपडलेला, ओल्या केळीच्या पानात गुंडाळलेला. अप्पळमांच्या अगदी डोक्यावर, चुरमुऱ्यांत छान बसवलेला.

"घाटावर ठेवला, अक्का, तुम्ही जाकीट घालत होता तेव्हा," गोविंद राव कौतुकानं म्हणाले. "शुभाच्या केसांसाठी. बाकी कुठं ठेवला तर चुरगळेल. तुमच्या डब्यात काहीच मोडत नाही ना."

मी गजरा अलगद उचलून बाजूला ठेवला. त्या माणसानं पहाटे फुलबाजारात उभं राहून, जे काम बायकोनं केलं असतं ते केलं होतं. मिठाच्या पुरचुंडीनं बिचारीनं प्यावं तरी किती? अप्पळम अख्खे होते, कोर न् कोर शाबूत. मी मनात म्हटलं, निदान दिसताहेत तरी तसेच.

शुभानं एक उचलला. कार्तिकनं डोकं पुढे केलं. तिनं हात वर करून अप्पळम त्याच्या डोक्यावर मारला आणि तो वाकला. मोडला नाही, तडकला नाही, दोन्ही कानांवर ओघळून आंघोळीच्या पंचासारखा बसला. कार्तिकनं मारला तो शुभाच्या खांद्यावरून घसरून मांडीत पडला. सेल्वी फिसकन हसली आणि तिनं लगेच तोंड दाबलं. गोविंद रावांना काय झालं ते आता कळलं होतं. त्यांचा चेहरा बघवेना. शुभा हसायचा प्रयत्न करत होती आणि तिचे डोळे भरले होते.

"कोणी तळले?" मामींचा आवाज.

"मी," मी म्हटलं.

मामी खुर्चीतून उठल्या, कार्तिकच्या डोक्यावरचा अप्पळम उचलला, बोटांनी चाचपला. "तळलाय चांगला. नमुत्तु पोच्चु." म्हणजे सादळला. मग सेल्वीनं चहासाठी पेटवलेल्या चुलीकडे पाहिलं. तिच्यातले निखारे अजून जिवंत होते.

सादळलेला अप्पळम मंद आचेवर शेकून पुन्हा कुरकुरीत करता येतो. मला हे येतं. मी उठलेच होते, तेवढ्यात सेल्वीनं माझा पदर खाली ओढला. असा ओढला की मी पुन्हा बसले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वस्तू सांभाळलेल्या बाईला आपल्या वस्तूला दुसऱ्यानं हात लावलेला बघणं किती जड जातं ते लिहून कळायचं नाही. पण सेल्वीचं बरोबर होतं.

मामींनी पदर खोचला, तवा निखाऱ्यांवर ठेवला आणि वाळूत बसल्या. मांडवात होणाऱ्या गोष्टीसाठी वाळूत. एक अप्पळम शेकला, उलटला, कानाशी नेऊन नखानं टिचकी मारली. मी डबा कानाशी धरते तसंच. मग मान न वळवता म्हणाल्या, "तिथं काय बसलीस? इकडे ये. हातानं उलट, चिमटा नको, चिमट्यानं तुटतो."

शुभाला आधी वाटलं, दुसऱ्या कुणाला तरी म्हणताहेत. मग ती गेली आणि शेजारी बसली. बोट भाजलं तिचं. मामींनी ते धरून पाहिलं, फुंकर घातली आणि पुन्हा तव्याकडे वळल्या. एकेक अप्पळम होत गेला. गोविंद राव नदीकडे तोंड करून उभे होते आणि चष्मा पुसत होते.

दुसऱ्यांदा बसल्यावर शुभानं अप्पळम इतक्या हळू टेकवला की तो नुसताच टेकला.

"जोरात मार गं," मामी म्हणाल्या. "अप्पळम मोडायचाय. माझा मुलगा नाही मोडत."

शुभानं मारला. कडकन. तुकडे कार्तिकच्या केसांत, कॉलरमध्ये, वाळूत, माझ्या चहात. मग त्यानं मारला, मग तिनं पुन्हा. वर्षानुवर्षं ज्या आवाजाला मी भीत आले, त्या आवाजावर मी त्या दिवशी टाळ्या वाजवल्या. मामींनी ओला कदंबम झटकला आणि स्वतः शुभाच्या केसांत माळला.

शेवटी एक अप्पळम उरला. कार्तिकनं हात पुढे केला तर मामींनी त्याच्या हातावर चापट मारली आणि तो माझ्याकडे दिला. "हा बांधून ठेवा. कुंभकोणमच्या घरी न्यायचा आहे. तिथंही एक फुटायला हवा." मग शुभाकडे पाहून म्हणाल्या, "तू घेऊन ये. अख्खा."

तो एक अप्पळम मी घरी पुन्हा शेकला, नवे चुरमुरे आणि नवं मीठ घातलं, आणि बाहुलीसुद्धा कधी बांधली नसेल असा बांधला. शुभा पुढच्या आठवड्यात बसनं जाणार होती. डबा तिच्या हातात देताना मी पुन्हा एकदा कानाशी धरून हलवला. आत कुणी बोललं नाही.

ती कुंभकोणमला निघाली त्या दुपारी मी टमाटे बांधत होते. फोन वाजला, नंबर ओळखीचा नव्हता. सवयीनं मनात आलंच, आज काय फुटलं?

"अक्का," राजम मामी म्हणाल्या, "अप्पळम अख्खा पोचला."

मी काही बोलणार तेवढ्यात फोनमधून कडकन आवाज आला. कार्तिक ओरडला, आणि मागे कुंभकोणमच्या त्या घरात शुभा मोठ्यानं हसली. मामींनी फोन ठेवला नव्हता. मीही ठेवला नाही.